आठ हातांचा शनिवार

एक्स-रेबाईंच्या नोकरीत समोरच्या माणसाने हलायचं नसतं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या थंड खोलीत त्या सोमवार ते शुक्रवार लोकांना मशीनपुढे उभं करतात, हनुवटी वर करायला लावतात आणि काचेआडून सांगतात, "श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा." खोलीत येणाऱ्या मुलांचं काही ना काही मोडलेलं असतं आणि ती सगळी रडत असतात. काहीही न मोडलेली मुलंही अधूनमधून बघायला मिळावीत, म्हणून आपण वसाहतीतला मुलांचा क्लब सुरू केला, असं त्या सांगतात. हे त्या विनोदाने म्हणत नाहीत.

क्लब शनिवारी दुपारी दोन तास भरतो. जागा म्हणजे वसाहतीच्या तळमजल्यावरचा हॉल. एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चवड, दुसऱ्या कोपऱ्यात घडी घालून ठेवलेलं टेबल टेनिसचं टेबल. सुरुवातीला कार्यक्रम ठरलेला नसायचा. मुलं चित्रं काढायची, कंटाळली की पळायची, पळून दमली की खुर्च्यांच्या चवडीवर चढायची. एकदा एक मुलगी पाचव्या खुर्चीवर बसून खाली यायलाच तयार नव्हती, तेव्हा सेक्रेटरी दारात उभे होते.

सेक्रेटरी म्हणजे वसाहतीच्या कमिटीचे सेक्रेटरी. नोकरीत असताना त्यांनी एक मोठं गोदाम सांभाळलं होतं, आणि आपापल्या जागी न राहणाऱ्या वस्तूंबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. शिवाय ते टेबल टेनिस खेळायचे. त्यांचा चार जणांचा गट होता आणि त्या गटाला शनिवारची दुपार हवी होती.

"बाई, हा क्लब नाही, ही पळापळ आहे," ते म्हणाले.

"मुलं आहेत हो, पळणारच."

"पळू देत. पण कार्यक्रम असेल तर हॉल. येत्या शनिवारी मी पूर्ण वेळ इथे बसतो. दोन तास मुलं कामात गुंतलेली दिसली पाहिजेत, एकही मूल भिंतीवर, खुर्चीवर, टेबलावर चढता कामा नये. जमलं तर शनिवार तुमचा. नाही जमलं तर त्याच संध्याकाळी आमचं टेबल उघडेल, ते पुन्हा मिटणार नाही."

वसाहतीत दुसरा हॉल नव्हता. एक्स-रेबाईंचा फ्लॅट दोन खोल्यांचा, त्यात माणसं तीन. हॉल गेला म्हणजे क्लब गेला.

त्या घरी आल्या आणि एक्स-रेच्या जुन्या खाकी पाकिटाच्या पाठीवर कार्यक्रम आखायला बसल्या. विषय ठरला समुद्राचा तळ. त्यात गटांसाठी तीन आव्हानं. पहिलं पाणबुडीचं: फ्रिजच्या खोक्यात तिघांनी शिरायचं, बाहेर एकच जण, त्याने टाळ्यांच्या खुणांनी खोकं हॉलच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं. दुसरं देवमाशाचं: किनाऱ्यावर अडकलेला देवमासा, म्हणजे उशा कोंबलेलं गादीचं कव्हर, हात न लावता समुद्रात ढकलायचं. तिसरं ऑक्टोपसचं. दुलईच्या मोठ्या खोळीत चौघांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं, वरच्या उघड्या चेनमधून चार डोकी बाहेर, बाजूला कापलेल्या भोकांतून आठ हात बाहेर. भांडी घासायचे रबरी हातमोजे चार भिंतींपाशी ठेवलेले. ते गोळा करून आठही हातांत घालायचे, पण स्वतःच्या हातात स्वतः घालायचा नाही, दुसऱ्याने घालायचा.

आता कोणत्या खेळाला किती वेळ लागेल, हे कळायला हवं होतं. हॉस्पिटलात नवं मशीन आलं की आधी प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर चाचणी घेतात. घरात पुतळा नव्हता. घरचे होते.

एक्स-रेबाईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. ते कुठलंही वाक्य "आता नीट दिसतंय का?" या सुरात बोलतात. धाकटे दीर घरं विकून देणारे एजंट. जाऊबाईंचं केस कापायचं दुकान. हे दोघं समोरच्या इमारतीत राहतात. सासूबाई पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि अजूनही घरातल्या सगळ्यांना लाइनवर घेऊन बोलतात. या चौघांना एका संध्याकाळी बैठकीच्या खोलीत उभं करण्यात आलं. सोफा भिंतीला लावला.

पाणबुडी निघायलाच उशीर झाला, कारण खोक्यात शिरण्याआधी दिरांनी ते आतून बाहेरून पाहिलं.

"जागा छान आहे, वहिनी. हवेशीर नाही, पण लोकेशन मोक्याचं आहे."

"भाऊजी, आत बसा."

"बसतो. पण टाळी कोण वाजवणार? तो जबाबदार माणूस पाहिजे."

"मी वाजवते," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही नुसते ऐका. एक टाळी डावीकडे, दोन उजवीकडे."

"कोणाच्या डावीकडे, आई?" खोक्यातून नवऱ्याचा आवाज आला. "तुझ्या की आमच्या?"

यावर बराच वेळ चर्चा झाली. पाणबुडी शेवटी टीव्हीच्या टेबलाला धडकून थांबली. देवमाशाच्या वेळी दिरांनी आधी नेता निवडायची सूचना केली आणि स्वतःचं नाव सुचवलं. जाऊबाईंनी डोक्याने देवमासा ढकलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा नवरा म्हणाला, "अगं थांब, ठराव झालेला नाही." ऑक्टोपस तर जेवणाची वेळ टळली तरी संपेना.

"पुढे चला!" दीर ओरडले.

चौघांची तोंडं चार दिशांना. चौघंही पुढे चालले. खोळ ताणली गेली आणि ऑक्टोपस होता तिथेच घोरपडीसारखा चिकटून राहिला.

"पुढे म्हणजे माझ्या पुढे," दीर म्हणाले.

"का? तुझ्या पुढे काय सोनं ठेवलंय?" नवरा म्हणाला. "मला तर हातमोजा माझ्यासमोर दिसतोय. अगदी स्पष्ट दिसतोय."

"एकेकाने बोला, लाइन व्यस्त आहे!" सासूबाई.

"माझ्या केसांवर कोणीतरी कोपर ठेवलंय," जाऊबाई म्हणाल्या. "आजच धुतलेत मी."

एक्स-रेबाई घड्याळ बघून पाकिटावर वेळ टिपत होत्या. पाणबुडी, देवमासा, ऑक्टोपस, मध्ये पाणी प्यायला सुट्टी. बेरीज बरोबर दोन तास भरली. त्यांनी आकड्याखाली रेघ ओढली आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपल्या.

शनिवारी हॉल सजवला होता. निळे पडदे, कागदी मासे, मधोमध फ्रिजचं खोकं. नवरा, दीर आणि सासूबाई उशा आणि खोळी उचलायला आले होते. जाऊबाईंचं शनिवारी दुकान असतं. सेक्रेटरी खुर्ची घेऊन दाराजवळ बसले, मनगटावरचं घड्याळ सोडून मांडीवर ठेवलं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून टेबल टेनिसच्या जाळीचं टोक बाहेर डोकावत होतं.

मुलं आली, गट पडले, एक्स-रेबाईंनी पाणबुडीचे नियम सांगितले आणि "सुरू" म्हटलं. त्या पाणी प्यायला वळल्या. पाण्याचा घोट घेऊन परत वळल्या तोवर पाणबुडी दुसऱ्या टोकाला पोहोचली होती.

"टाळ्या कोणी वाजवल्या?"

"कोणीच नाही, मावशी," गटातली दात पडलेली मुलगी म्हणाली. "आम्ही खोक्याला भोक पाडलं. त्यातून दिसतं."

नियमात भोक पाडू नये असं नव्हतं. दुसऱ्या गटाने तेच भोक वापरलं. देवमाशाला चार मुलांनी एकदम ढुंगणाने धक्का दिला आणि तो समुद्र ओलांडून पडद्यापर्यंत गेला. राहिला ऑक्टोपस. तो तरी तग धरेल, असं बाईंना वाटत होतं. पण मुलांनी दिशेवर चर्चाच केली नाही. हातमोजा ज्याच्या समोर, तो चालायचा. बाकीचे तिघे हसत हसत फरफटत जायचे. दोनदा अख्खा ऑक्टोपस आडवा झाला आणि लोळत गेला. उभं राहण्यापेक्षा तसं लवकर पोहोचता येतं, हे कळल्यावर बाकीचे गट आधीच आडवे झाले.

सगळं संपलं. सेक्रेटरींनी मांडीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अजून अर्धा तासही झाला नव्हता.

एक्स-रेबाई हातात पाकीट घेऊन उभ्या होत्या. मोठ्या माणसाचं सेटिंग लहान मुलाला लावायचं नाही, हे त्यांच्या एक्स-रेच्या खोलीत भिंतीवर लाल अक्षरात लिहिलेलं आहे. ते त्यांनीच लिहून लावलंय. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून ती चूक एकदाही झाली नव्हती. इथे मात्र चार मोठी माणसं मोजून त्यांनी तीसभर मुलांचा कार्यक्रम बसवला होता.

"मावशी, आता काय?" कोणीतरी विचारलं. दोन मुलगे खुर्च्यांच्या चवडीकडे सरकले. एकाचा पाय पहिल्या खुर्चीवर गेला. सेक्रेटरींचा हात खिशातल्या जाळीकडे गेला.

बाईंच्या तोंडून सवयीनेच निघालं, "श्वास घ्या. धरा. हलू नका!"

सगळी मुलं जागच्या जागी थांबली. गाल फुगवून, डोळे मोठे करून सगळा हॉल उभा राहिला. खुर्चीकडचा मुलगा एका पायावर. बाई विचार करू लागल्या. पुढे काय करता येईल? माशांची चित्रं? ती मागच्या महिन्यात झाली. विचार करता करता मुलांचे चेहरे लाल झाले, मग जांभळे.

"अगं, सोडा म्हण!" नवरा ओरडला.

"सोडा!"

हॉलभर एकच फुस्स झालं, दोन-तीन मुलं नाटक करत जमिनीवर कोसळली, आणि दात पडलेली मुलगी धापा टाकत म्हणाली, "मावशी, ऑक्टोपसला इतका वेळ का लिहिलाय या कागदावर?"

बाई खोटं बोलत नाहीत. "आमच्या घरच्यांना तेवढा लागला."

"ऑक्टोपसला?"

"हो."

"मोठ्या माणसांना?"

"हो."

मुलांनी वळून त्या मोठ्या माणसांकडे पाहिलं. दीर सदऱ्यावरची धूळ झटकू लागले. "त्या दिवशी परिस्थिती वेगळी होती," ते म्हणाले. "खोली लहान होती."

"मग आता दाखवा," मुलगी म्हणाली. बाकीच्यांनी लगेच ओरडायला सुरुवात केली, "दाखवा! दाखवा!"

नवरा, दीर आणि सासूबाई खोळीत शिरले. हात मोजले तर सहाच. सगळी मुलं सेक्रेटरींकडे बघू लागली.

"मी देखरेखीसाठी बसलोय," सेक्रेटरी म्हणाले.

"काका, सहा हातांचा ऑक्टोपस नसतो."

"तो माझा प्रश्न नाही."

"शिरा हो आत," सासूबाई खोळीतून म्हणाल्या. "मघापासून लाइन धरून ठेवलीये तुमच्यासाठी."

सेक्रेटरींनी आजूबाजूला पाहिलं. सगळी मुलं गोल करून, मांडी घालून बसली होती आणि एकही हलत नव्हतं. त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या, घड्याळ खुर्चीवर ठेवलं आणि ते खोळीत शिरले.

"ऐका," डोकं बाहेर येताच ते म्हणाले, "मी अख्खं गोदाम चालवलंय. मी सांगतो तसं. सगळ्यांनी पुढे!"

ऑक्टोपस चार बाजूंना ताणला गेला. मुलं किंचाळली.

"माझ्या पुढे!" सेक्रेटरी.

"ते आमच्यात आधीच ठरलंय, माझ्या पुढे," दीर म्हणाले.

"कधी ठरलं? कोणासमोर?"

"अहो, पाय! माझा पाय आहे तो," नवरा म्हणाला. "खाली बघा. दिसतंय का?"

पहिला हातमोजा मिळाला तोच उलटा घातला गेला. दुसरा सासूबाईंनी सेक्रेटरींच्या हातात घातला, पण त्यात त्यांची दोन बोटं एका बोटाच्या खाचेत गेली आणि त्यांनी ती तशीच राहू द्यायला साफ नकार दिला. "काढा. व्यवस्थित घाला. अर्धवट काम मला चालत नाही." हातमोजा काढताना आधीचा निसटला. मुलांनी आपणहून पंच नेमले, हातमोजे मोजले, सेक्रेटरींनी स्वतःच्याच डाव्या हाताला मदत केली म्हणून एक हातमोजा बाद केला. सेक्रेटरींनी निर्णयाविरुद्ध दाद मागितली. पंच सहा वर्षांची होती. ती म्हणाली, "नाही म्हणजे नाही."

"पुन्हा पहिल्यापासून," सेक्रेटरी दात-ओठ खाऊन म्हणाले. "आता मला समजलंय."

ते तीन वेळा पहिल्यापासून सुरू झाले. एक्स-रेबाईंनी मध्येच मुलांना पाणी दिलं. मुलं पाणी पिऊन धावत आपापल्या जागी परत आली, कारण जागा सोडली तर काहीतरी बघायचं राहून जाईल अशी भीती होती. भिंतीवर कोणी नव्हतं. खुर्च्या, टेबल, कशाकडेही कोणी ढुंकून पाहत नव्हतं. खुर्चीवरच्या घड्याळाप्रमाणे दोन तास होऊन वर थोडे झाले होते, पण घड्याळाचा मालक खोळीत होता आणि सातव्या हातमोज्याचा अंगठा त्याच्या हाताला बसत नव्हता.

तेवढ्यात दार उघडलं. टेबल टेनिसच्या गटातले उरलेले तिघे आत आले. हातात बॅटी, अंगात खेळाचे टीशर्ट. त्यांनी निळे पडदे पाहिले, लोळलेला देवमासा पाहिला, आणि मग दुलईच्या खोळीतून बाहेर आलेलं, घामाने भिजलेलं आपल्या सेक्रेटरींचं डोकं पाहिलं.

"साहेब," त्यातला एक हळूच म्हणाला, "टेबल उघडायचं ना? संध्याकाळी या म्हणाला होतात."

"हॉल रिकामा दिसतोय का तुम्हाला?" सेक्रेटरी म्हणाले.

"नाही, पण शनिवार आपला ठरला होता..."

"शनिवार मुलांचा आहे. दोन तास शिस्तीत कार्यक्रम झालाय, मी स्वतः बघितलाय. आपलं रविवारी सकाळी बघू." त्यांनी रबरी हात दाराच्या दिशेने हलवला. "आणि दार लावून घ्या बाहेरून. इथे आमची वेळ चालू आहे."