लाकडी माळ

डोंगरी गावात रेजिन बोर्जिसचा आवाज पोचत नाही असं एकही घर नव्हतं. वाफ्याला पाणी घालताना ती शेजारणीशी बोलायची ते टेकडीवर गुरं राखणाऱ्याला कळायचं. भाईंदरच्या बाजारात ती भाजी घेऊन बसली की पुढच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळून बघायचं. देवाने देणग्या वाटताना हिच्या बाबतीत हात जरा सैल सोडला होता, एवढंच म्हणायचं.

हाच आवाज मे आणि ऑक्टोबर महिन्यांत गावाला हवा असायचा. त्या दिवसांत संध्याकाळी आळीतल्या क्रुसापुढे मेणबत्त्या लागायच्या आणि लदीन गायली जायची. संतांची नावं एकामागून एक घेत गायची ही लॅटिन प्रार्थना. नाव एकाने घ्यायचं, उत्तर सगळ्या आळीने द्यायचं. नाव घेणारी रेजिन. ती हे बापाकडून शिकली होती. त्या लॅटिनचा अर्थ बापालाही ठाऊक नव्हता आणि तिलाही, पण एक सूर इकडचा तिकडे व्हायचा नाही. शेजारची कुस्तान तिच्यामागे दुसरा आवाज धरायची. देव वर आहे, लांब आहे, तेव्हा हाक मोकळ्या गळ्याने मारायला हवी, असं रेजिनचं पक्कं मत होतं. पुटपुटणाऱ्या माणसांचा तिला भारी राग.

आणि गावातला सगळ्यात मोठा मुखदुर्बळ नेमका तिच्याच पदरात पडला होता. तिचा नवरा इनास उत्तनच्या बंदरावर होड्या दुरुस्त करणारा सुतार. लदीनला तो न चुकता यायचा, क्रुसाच्या शेवटच्या पायरीवर बसायचा, हात मांडीवर आणि ओठ मिटलेले. दोन मुली वाढल्या, लग्न होऊन सासरी गेल्या, तरी ओठ मिटलेलेच.

"तोंड उघड की जरा!" घरी परतताना रेजिन रोज बोलायची. "देवाला कसं कळंल तू आलायस ते?"

"देव काय बहिरा हाय?" इनास म्हणायचा. त्याच्या बाजूने विषय तिथेच संपायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला त्याने तिला एक रोझरी करून दिली होती. होडीच्या उरलेल्या सागातून एकेक मणी स्वतः तासलेला, आणि माळ ओवलेली जाळ्याच्या दोऱ्यात. मणी चांगले बोराएवढे. "ही जपमाळ हाय का म्हशीच्या गळ्यातली?" असं म्हणून रेजिन पोटभर हसली होती. माळ दाराआड खुंटीला गेली ती गेलीच. पुढे वेलंकणीच्या यात्रेहून तिने निळ्या काचेची चांदीच्या साखळीतली रोझरी आणली. तिचा कसा छान खुळखुळ आवाज यायचा.

एकोणीसशे नव्वद सालच्या एप्रिलअखेरीला इनासच्या तळपायात जुन्या होडीचा गंजका खिळा घुसला. बंदरावरच्या लोकांनी इंजेक्शन घ्यायला सांगितलं. पण जन्मभर खिळ्यांशी खेळलेल्या या माणसाला सुईचं भय होतं. त्याने जखमेत हळद भरली, वर चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

आठवड्याभराने एका सकाळी तो भाकरीपुढे नुसता बसून राहिला. तुकडा हातात, आणि तोंड मिटलेलं.

"आता जेवताना पन तोंड उघडायचा न्हाय का?" रेजिन म्हणाली. तिला बाजाराची घाई होती. "उघड की तोंड!"

इनासने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे घाबरलेले होते. जबडा उघडतच नव्हता.

भाईंदरच्या डॉक्टरने बघताक्षणी धनुर्वात म्हणून सांगितलं आणि त्याला मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे अशा रोग्यांची खोली वेगळी होती. तळमजल्यावर, मागच्या बाजूला, खिडक्यांना जाड काळे पडदे. भर दुपारीही आत संध्याकाळ. दारातच तरुण डॉक्टरने रेजिनला थांबवलं.

"बाई, नीट ऐका. यांना उजेड चालत नाही, आवाज तर अजिबात चालत नाही. भांडं पडलं, दार आपटलं, कुणी मोठ्याने बोललं, की अंगाला झटका येणार. मोठ्या झटक्यात श्वास अडकू शकतो. शुद्ध आहे त्यांना, सगळं कळतंय. पण शरीर त्यांचं ऐकत नाहीये. आत बसायचं असेल तर ब्र काढायचा नाही."

ब्र काढायचा नाही! असं तिला आजवर सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. पण ती आत गेली आणि एका दिवसात चप्पल न वाजवता चालायला, तोंडावर पदर धरून खोकायला शिकली.

एक गोष्ट मात्र जमेना. तिला प्रार्थना गप्प राहून करता येत नव्हती. ओठ हलले की आवाज फुटायचाच, इतक्या वर्षांची सवय. तिने निळी रोझरी काढली, तर चांदीची साखळी पलंगाच्या लोखंडाला लागून खुळखुळली. इनासची पाठ कमानीसारखी वर उचलली गेली. झटका ओसरल्यावर वॉर्डातल्या आया विमलाबाई तिला बाहेर घेऊन गेल्या.

"माळ जपायची तर जपा, ताई. पण ती वाजणारी नको. दुसरी न्हाय का घरी?"

होती. दाराआड खुंटीला होती.

थोरली लेक ती घेऊन आली. साग लाकडावर घासला तरी आवाज नाही, लोखंडाला लागला तरी नाही. विमलाबाईंनी आणखी एक युक्ती सांगितली: अचानक हात लावायचा नाही, आधीपासूनच ठेवून द्यायचा, म्हणजे तो दचकत नाही. मग रेजिन इनासच्या उघड्या तळव्याखाली हात ठेवून बसायची. माळ दोघांच्या हातांमधून जायची. एकेक मणी ती हळूच पुढे सरकवायची आणि मनात म्हणायची: नमो मरिये, नमो मरिये, याला राख. मोठे मणी अंधारातही चुकत नव्हते. त्या माळेला आपण काय बोललो होतो, ते आठवून तिला रडू यायचं. तेही आवाज न करता.

इकडे डोंगरीत कुस्तानला चैन पडेना. मे महिना चालू, क्रुसापुढे रोज लदीन, आणि जिच्या नवऱ्यासाठी गायची ती तिथे एकटी. आत कुणाला सोडत नाहीत, एवढंच गावाला कळलं होतं. का सोडत नाहीत, ते लेकींनी नीट सांगितलं नाही म्हणा, किंवा कुणी ऐकलं नाही म्हणा. आत सोडत नाहीत तर बाहेरून गाऊ, असं कुस्तानने ठरवलं. एका शनिवारी दुपारी अख्खी आळी मुंबईला निघाली. बाया ठेवणीतली लाल लुगडी नेसल्या होत्या. मेणबत्त्या होत्या, बाप्तिस मास्तरांचं व्हायोलिन होतं. विचारत विचारत सगळे इमारतीच्या मागे आले, काळ्या पडद्याच्या खिडकीखाली उभे राहिले, आणि मोकळ्या गळ्याने सुरू झाले. रेजिननेच तर त्यांना तसं गायला शिकवलं होतं.

पहिल्याच नावाला इनासचं अंग ताठ झालं. दुसऱ्या नावाला पाठ पलंगावरून सुटली. रेजिनच्या घशात किंकाळी आली, ती तिने तिथेच गिळली. आत ओरडायची सोय नव्हती आणि खिडकीतून ओरडायचीही. अनवाणी धावत ती व्हरांडा ओलांडून मागच्या अंगणात गेली. डोळ्यांतून पाणी, दोन्ही हातांनी नको नको अशा खुणा.

तिला तशी येताना पाहून कुस्तानचा एकच समज झाला. इनास गेला!

"अगो माझे बाय गो!" म्हणून तिने जो टाहो फोडला, त्याच्यापुढे लदीन बरी. मागच्या बायांनीही गळे काढले. रेजिनने झेप घेऊन कुस्तानच्या तोंडावर तळवा दाबला आणि दुसरा हात तिच्या मानेमागे घालून तो तसाच धरून ठेवला. डोंगरीची सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई सगळ्या गावाला गप्प करत होती, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

ती परत आली तेव्हा इनास काळानिळा पडला होता. डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी घातली. रात्र कशीबशी निघाली.

त्या रात्री रेजिनच्या आतलं काहीतरी विझलं. आजार देवाने दिला, असं ती कधी म्हणाली नव्हती. तो खिळ्याने दिला होता आणि इनासच्या हट्टाने. पण जे गाणं तिने जन्मभर देवापुढे गायलं, त्याच गाण्याने तिच्या माणसाचा श्वास अडकावा? ज्यांची नावं घेतली त्यांच्यातल्या एकालाही हे थांबवता आलं नाही? सकाळी तिने माळ हातात घेतली आणि मनात शब्दच आला नाही. नमो सुद्धा नाही.

रविवारी गावच्या चर्चचे फादर भेटायला आले. व्हरांड्यात तिने त्यांना कुजबुजत सांगून टाकलं. "फादर, माझ्याच्याने म्हनवत न्हाय. देवाशी बोलायला गेले का राग येतो. मी आता कसली क्रिस्तांव?"

फादर म्हातारे होते. त्यांनी उपदेश केला नाही, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाले, "नाही म्हणवत तर नको म्हणूस. मणी तेवढे सरकवत राहा. माळ सोडू नकोस."

"नुसते मनी? त्याचा काय उपेग?"

"ते मलाही माहीत नाही, पोरी."

तिला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. पण करण्यासारखं दुसरं काही हाताशी नव्हतं. ती पुन्हा इनासच्या तळव्याखाली हात ठेवून बसली आणि मणी सरकवू लागली. आत सगळं कोरडं ठणठणीत. धान्य निवडताना हात आपोआप चालतो, तसा हात चालायचा. माळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. आपण देवाला फसवतोय असं तिला वाटायचं, आणि त्याहून जास्त इनासला. तो बिचारा समजत असेल, बायको आपल्यासाठी प्रार्थना करतेय.

मे सरला. झटके कमी होत गेले. एक दिवस पडदा बोटभर सरकवला तरी काही झालं नाही. मग गळ्याची नळी निघाली, आणि जूनच्या शेवटी इनास काठीच्या आधाराने घरी आला. हाडं आणि कातडं. आवाज घोगरा, पण मुळात वापरच कमी असल्याने कुणाला फारसा फरक जाणवला नाही.

गावाने देवाचे आभार मानायला मिस्सा सांगितली. रेजिन चर्चमध्ये गेली, पण गायली नाही. लोकांना वाटलं, थकली असेल. ऑक्टोबर आला, क्रुसापुढे मेणबत्त्या लागल्या. तर काय, सगळी आळी हळू आवाजात लदीन म्हणत होती! कुस्तानने त्या शनिवारची अशी धास्ती घेतली होती की मेपासून तिने कुणाला आवाज चढवू दिला नव्हता. क्रुसापुढे कुजबुज चालायची आणि रेजिन घराच्या ओट्यावरून ऐकायची. खाली उतरायची नाही.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी इनास तिच्याशेजारी येऊन बसला.

"जात का न्हाईस?"

"न्हाय."

"गात का न्हाईस?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. रेजिनने पदराचं टोक हातात घेतलं, पिळलं. "इनास, मी तुला फशिवला. त्या शनवारपासून मी एक पन प्रार्थना केली न्हाय. येतच नव्हती. नुसते मनी सरकवायचे, बस. देवानं तुला राखला तो माझ्या प्रार्थनेनं न्हाय. आता कुठल्या तोंडानं गाऊ?"

खाली क्रुसापुढे कुस्तान कुजबुजत होती, व्हायोलिन भीत भीत वाजत होतं.

"मना ठाऊक हाय," तो म्हणाला.

"काय ठाऊक हाय?"

"पहिलं तुझा हात प्रार्थनेच्या तालात चालायचा. मंग नुसताच चालाया लागला. मनी माझ्या हाताखालून जायचे ना. मीच तासलेले, मना न्हाय कळनार?" तो थांबला, श्वास घेतला. इतकं सलग बोलायची सवय नव्हती. "मना बोट पन हलवता येत नव्हता, रेजिन. मनी तू सरकवायचीस, म्हनायचो मी."

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"सगळे?"

"सगळे. एकदा तुला डुलकी लागली. मंग मी वाट बघत ऱ्हायलो, पुढचा मनी कधी येतो."

तोंडावर पदर धरून रेजिन रडली. मग डोळे पुसले, आत गेली, दाराआडच्या खुंटीवरून माळ काढून गळ्यात घातली आणि पायऱ्या उतरून क्रुसापुढे उभी राहिली. पुढच्या संताचं नाव तिने असं घेतलं की कुस्तान दचकून मागे सरली आणि बस थांब्यावरची माणसं वळून बघू लागली. आळीने क्षणभर इनासच्या ओट्याकडे पाहिलं. तो काठी टेकत खालीच येत होता. त्याला काही होत नाही हे दिसल्यावर मग उत्तर आलं, भरगच्च, टेकडीवर जाऊन आदळेल असं.

इनास शेवटच्या पायरीवर बसला. हात मांडीवर, ओठ मिटलेले. लदीन संपेपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.

घरी परतताना रेजिन त्याला काहीच बोलली नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे कधीच नाही.