घोटा धरणारी शीला

आमच्या शीलानं ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये नाव काढलं, असं मी अलिबागला फोनवर सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हातपाय शाबूत आहेत ना तिचे?" प्रश्न चुकीचा नव्हता. लांबट चेंडू घेऊन बायका पळतात आणि दुसऱ्या बायका त्यांना आडव्या करतात, एवढंच मलाही कळलं होतं.

लग्नाआधी शीला जिल्ह्याकडून कबड्डी खेळायची. कोपऱ्यात उभी राहून चढाईला आलेल्या पोरीचा घोटा धरण्यात पटाईत. मस्कतला आल्यावर कबड्डीसाठी सात जणी जमवता जमवता बिचारी थकली. मग २०१३ साली अल् खुवैरच्या आमच्याच बिल्डिंगमधली ब्रॉनविन नावाची ऑस्ट्रेलियन बाई तिला तिच्या फुटबॉल क्लबात घेऊन गेली.

पहिल्याच मॅचमध्ये शीलानं झेप घेतली आणि समोरचीचा घोटा धरून तिला सपशेल पाडलं. हात उंचावून आमच्याकडे पाहते तोच शिट्टी. या खेळात गुडघ्याखाली धरलं की फाउल, चेंडू त्यांचा. तिनं पुन्हा घोटाच धरला. पुन्हा शिट्टी. जित्याची खोड! शेवटी घरी सराव सुरू झाला. मी किचनमधून हॉलमध्ये पळायचं, तिनं मला कमरेत धरायचं. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल, देव जाणे.

पण कंबर जमली आणि बाई थांबेनात. चार सीझन ती अशी खेळली, की दुबईच्या पोरी तिला टाळून पळायच्या. मला अभिमान वाटायचा, तोंडावर कधी सांगितलं नाही एवढंच. मग गुडघा गेला. "आणखी एक मार बसला तर चालणं कठीण," डॉक्टर म्हणाले. गाडीत ती हमसून हमसून रडली आणि मी उगाच समोरच्या ट्रकवाल्यावर ओरडत राहिलो. क्लबानं तिला कोच केलं. मैदानात पाऊल टाकणार नाही, असा शब्द मी तिच्याकडून घेतला. विश्वास मात्र तसूभरही नव्हता.

२०१८ची फायनल. आम्ही एका पॉइंटनं पुढे, शेवटचं मिनिट, आमची एक मुलगी लंगडत बाहेर आली आणि राखीव कोणीच नाही. मी पाहिलं, तर कोचबाईंच्या पायात खेळायचे बूट!

"हे काय गं?"

"सवय रे," ती लेस आवळत म्हणाली.

तेवढ्यात दुबईची एक पोर चेंडू घेऊन सुटली. मागे आमची एकटी जोहरा, मस्कतबाहेरच्या बरका गावाहून सरावाला येणारी. शीला रेषेवर वाकली.

"देवेश, मी जाते आत."

"शीला, गुडघा!"

ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी माझा घोटा गच्च धरला. "जोहरा, कंबर! कंबर धर!" ती ओरडत होती. जोहरानं कंबर धरली, दोघी कोसळल्या आणि भोंगा वाजला. जिंकलो. पोरी शीलाकडे धावत आल्या.

"सोड आता," मी म्हटलं.

"थांब ना जरा." ती रडत होती, हसतही होती.

घोटा आठवडाभर काळानिळा होता. ऑफिसात कोणी विचारलं, की मी सांगायचो, बायकोनं दिलेला शब्द पाळला.