तांबडी चिंधी

कृष्णेच्या अलीकडून मी बार काढावा आणि पलीकडचा बगळा भाजूनच खाली पडावा, असा माझा नेम होता. निदान पारावर बसून मी तसं सांगत असे. त्या बगळ्याच्या चोचीतला मासा जिवंतच परत नदीत पडला, हेही मी साताठ गावांना पटवलं होतं.

बेचाळीसनंतरची ती धामधूम. फौजदार गावाकडे फिरकेनासा झाला होता. दरोडेखोर मात्र नेमाने फिरकत. म्हणून गावोगाव राखण बसली. आमच्या गावच्या तीन ठासणीच्या बंदुका देवळात खुंट्यांना टांगलेल्या. एकाच लोहाराच्या हातच्या, त्यामुळे ओळखू येतील तर शपथ. उसातली डुकरं हुसकायला म्हातारा गुरव त्यांत नुसती दारू ठासायचा, तेव्हा बंदुकीच्या घोड्याला पांढरी चिंधी. छर्रे भरले की तांबडी.

एके दुपारी ओरडा झाला, नदीच्या उताराने हत्यारबंद माणसं येताहेत. मी, माझे थोरले चुलते आणि लढाईवरून रजेवर आलेला एक हवालदार असे तिघं धावलो. घाईत चिंध्या ओरबाडून फेकल्या आणि हाताला लागली ती बंदूक उचलली. दरड उतरताना मी घसरून खांद्यावर आपटलो. समोर कुऱ्हाडी घेतलेले सातजण. (पुढे मी सत्तर सांगत असे. सातच होते.) त्यांनी आम्हाला दरोडेखोर म्हणून शिव्या घातल्या, आम्ही त्यांना. ते पलीकडच्या गावचे राखणदार होते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. एकाने कुऱ्हाड उगारली.

"वर धरून बार काढा, पळत्याल," हवालदार म्हणाला.

तीन बार एकदम झाले. धूर सरला तेव्हा एक तरणा गडी वाळूत आडवा होता. कमरेच्या फडक्यातली भाकरी तशीच बांधलेली.

देवळात परतलो, तर फरशीवर दोन पांढऱ्या चिंध्या आणि एक तांबडी.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावचे पंच बसले. छर्ऱ्यांची बंदूक कुठल्या खुंटीला होती, ते गुरवाला आठवेना. हवालदार म्हणाला, मी तर वरच धरायला सांगितलं होतं. चुलते म्हणाले, मी डोळे मिटले होते. मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"ह्यो नदीपल्याडचा बगळा पाडतोय की," एक पंच म्हणाला.

"आवं, बगळा खोटा व्हता."

"मग आत्ता खरं बोलतोयस, हे कशावरनं रं?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? माझा खांदा काळानिळा पडला होता. छर्ऱ्यांची बंदूक जोरात धक्का देते. पण मी दरडीवरही आपटलो होतो. शिवाय चुलतेही कालपासून खांदा चोळत होते. नळी वर धरली होती का? एकदा आठवे वर, एकदा आठवे समोर.

तेवढ्यात मेलेल्याचा बाप उठून आमच्यापुढे आला.

"कुनाचा बार, येवढंच सांगा," तो म्हणाला. "तिघांचा राग धरायचं बळ न्हाई माझ्यात."

चुलत्यांनी खांदा चोळायचं थांबवलं. मी म्हणालो, "माझा." खरं म्हणून, त्यांच्यासाठी, की प्रत्येक बार आपल्याच नावावर घ्यायच्या खोडीने, ते मला आजही उलगडलेलं नाही.

बापाने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तू लय फेकतोस म्हनं," तो म्हणाला, आणि चुलत्यांकडे वळला.