तिळाच्या तेलातलं आमचं वावर

आमच्या घराण्यात तेलरंगाने चित्र काढणारा मी पहिला, आणि घरच्यांच्या कृपेने शेवटचा.

त्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला होता. भातकुलीजवळ रेल्वेची मोजणी करणारा एक गोरा साहेब तंबू ठोकून राहिला होता. संध्याकाळी तो रंगांनी शेतं काढायचा. मी त्याला रोज लोटाभर ताक नेऊन देई आणि त्या बदल्यात ही विद्या शिके. (ताक त्याला आवडत नसे, हे मला फार उशिरा कळलं.) जाताना त्याने उरलेले रंग, एक ताणलेला कपडा आणि एक उपदेश दिला: रंगात जवसाचंच तेल घालायचं, दुसरं वाळत नाही.

तेवढ्यात अकोल्याहून निरोप आला. आबाजी नावाचे कापसाचे व्यापारी मला बघायला येणार होते. त्यांची लेक गंगा मी रिद्धपूरच्या यात्रेत पाहिली होती, आणि तेव्हापासून मला दुसरी कोणी नको होती. पण मुलाच्या अंगात गुण काय, असं आबाजींनी विचारलं होतं. नांगर माझ्या हातात तिरका चाले. म्हणून ठरवलं, आपल्या वावराचं चित्र काढून ओसरीत लावायचं!

माय जवसाचं तेल बघून म्हणाली, "वावर म्हणजे आपली लक्ष्मी. तिले जवसाचं तेल कावून? देवाच्या दिव्याचं तिळाचं घे."

मलाही ते पटलं. साहेबाला लक्ष्मीतलं काय कळतंय! मी हात सैल सोडून तिळाचं तेल ओतलं.

वीस दिवस झाले तरी चित्र वाळेना. उन्हात ठेवलं, तर बांधावरचे बैल घसरत घसरत ओढ्यात उतरले. बाबा रोज बोट लावून बघत आणि रोज धोतराला पुसत.

आबाजी आले त्या दिवशी अंगणात बाया सरकी काढत होत्या. नेमका वारा सुटला. कापूस उडाला तो थेट चित्रावर! पाहुणे ओसरीत पाय ठेवतात, तो माझं काळंहिरवं वावर मेंढीसारखं लोकरीने भरलेलं.

आबाजी पडले व्यापारी. कापूस दिसला की त्यांचा हात राहत नसे. त्यांनी चित्रावरचा पुंजका उपटला, चिमटीत ओढून धागा पाहिला, मान डोलावली आणि सवयीने मिशीला पीळ दिला. पांढरी मिशी हिरवीगार झाली. मायने धावत जाऊन तेल आणलं, तेही तिळाचंच! पुसता पुसता हिरवा रंग कानापर्यंत गेला. बाबांनी कपाळाला हात लावला. गंगा हातची गेली, या विचाराने मला रडूच आलं.

आबाजींनी आरसा मागवला. बराच वेळ स्वतःकडे पाहिलं, मग चित्राकडे.

"या भावापायी सारे लोकं कापसात माती घालून राहिले," ते बाबांना म्हणाले. "मातीवर कापूस लावणारा तुमचा पोरगा मले पह्यलाच भेटला. पोट्टी देली."

माझ्या आनंदाला सीमा राहिली नाही.

आता नातवंडं झाली, पण चित्र अजून ओलंच आहे. गंगाने ते ओसरीतून काढून स्वयंपाकघरात टांगलंय. माणसं माझ्या कलेकडे ढुंकून बघत नाहीत. बघायला आलेली माशी मात्र आजवर एकही परत गेलेली नाही.