खिडकीजवळचा कॉम्प्युटर

पुस्तकाच्या शेवटी कागदी पाकीट चिकटवलेलं होतं आणि ते रिकामं होतं. आतली सीडी आधीच कुणीतरी काढून घेतली होती. विरारला जुन्या पुस्तकांच्या ढिगातून ते उचलताना माझ्या हे लक्षात आलं नाही. वेबपेज बनवायला पहिल्यापासून शिकवणारं, सोप्या इंग्रजीतलं पुस्तक, एवढंच मी पाहिलं. घरी वाचायला बसले तर प्रत्येक धडा सांगत होता, सीडीतली अमुक फाइल उघडा. त्या फाइलीत काय असेल याचा अंदाज करत मी शिकले. म्हणून पान नीट दिसलं तरी ते खरंच बरोबर आहे का, ही धास्ती कधी गेली नाही.

बारावीनंतर काही वर्षं मी अर्नाळ्यात आईबरोबर मासळी सुकवत होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वडील एवढंच म्हणाले होते, "एक वरीस बघू. नाय जमलं तर आयेबरोबर वलांडीवर." वलांडी म्हणजे बोंबील वाळत टाकायला बांबूंवर बांधलेल्या दोऱ्या. आणि वर्ष पास व्हायला वेबसाइटचा प्रोजेक्ट पास होणं भाग होतं.

वर्गातली मुलं माझ्याहून लहान, शाळेपासून कॉम्प्युटर हाताळलेली. ती मला ताई म्हणत. ताईने काय विचारायचं, म्हणून मी गप्प बसे. लॅबमध्ये मी कायम खिडकीजवळच्या एकाच कॉम्प्युटरवर बसत असे. दुसऱ्याला हात लावला तर काहीतरी बिघडेल असं वाटायचं. तिथे कुणी बसलेलं असलं की मी दाराबाहेर थांबायचे.

"चावते काय गो ती मशीन तुला?" आई विचारायची. संध्याकाळी मी तिच्या शेजारी बसून बोंबलांच्या जोड्या लावायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. जोडी सुटली की दोन्ही खाली वाळूत. उघडलेला प्रत्येक टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली कंसातली खूण, बंद करायचा, हे पुस्तकातलं वाक्य मला तिथेच पटलं होतं.

प्रोजेक्टसाठी मी आमच्या सुक्या मासळीचं पान केलं. बोंबील, जवळा, मांदेली, प्रत्येकाचा फोटो. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर ते रोज उघडून बघायचे. सगळं जागच्या जागी असायचं.

सादरीकरणाच्या दिवशी सरांनी माझा पेन ड्राइव्ह स्वतःच्या लॅपटॉपला लावला. मोठ्या पडद्यावर मासळीची नावं आली. खाली फोटोंच्या जागी फाटक्या चित्राच्या छोट्या खुणा.

"ताई, मासळी पळाली वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"फोटो कुठे गेले?" सरांनी विचारलं.

"सर, माझ्याकडे दिसत होते."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर."

आता आणखी हसले. माझे कान तापले. वडिलांचं ते वाक्य आठवलं. सर मात्र चिडले नाहीत, त्याने मी जास्तच घाबरले. "सगळ्यांचं झालं की शेवटी परत दाखवा," ते म्हणाले. "तोवर कुठेही बसून दुरुस्त करा. खिडकीजवळ सोडून."

मी दाराजवळच्या कॉम्प्युटरवर बसले. बोटं चुकत होती. ओळ न ओळ वाचली. प्रत्येक फोटोचा पत्ता मी पुस्तकातल्यासारखा पूर्ण लिहिला होता: त्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरची ड्राइव्ह, त्यातलं माझं फोल्डर. ते फोल्डर दुसरीकडे कुठे असणार? मी लांबलचक पत्ता खोडला, फक्त फोटोचं नाव ठेवलं आणि फोटो पेन ड्राइव्हवर पानाशेजारीच टाकले. एवढं पुरेल का, ठाऊक नव्हतं. पान पुन्हा उघडलं. बोंबील दिसले.

तरी विश्वास बसेना. शेजारी मघाशी 'मासळी पळाली' म्हणणारा मुलगा होता. "जरा उठतोस? तुझ्या कॉम्प्युटरवर लावून बघते."

तो उठला. वाकून बघत म्हणाला, "आले की ताई, इथे पण."

मग माझी पाळी आली. सरांनी पान उघडलं तेव्हा पडद्याकडे बघायचा धीर होईना. मी मुलांच्या तोंडांकडे बघत राहिले. कुणी हसत नव्हतं.

मागच्या रांगेतून तोच आवाज आला, "ताई, जवळा कसा दिला?"

तेव्हा मी वळून पडद्याकडे पाहिलं.