बिनबोभाटचं तिसरं दार

“पुसणं हा काय गुन्हा झाला?” सासूबाई ओलं फडकं हातातच धरून म्हणाल्या. “अकरा आठवडे झाले. अकरा! झुरळांनी संसार थाटला असता एव्हाना इथे.”

“पुसू नका असं मी कुठे म्हटलं, आई?” ताई म्हणाली. “कागद उचलू नका म्हटलं होतं.”

“कागद न उचलता टेबल कसं पुसायचं, ते शिकव मला एकदा.”

“उचललात तर उचललात. पण दात जिथे होते तिथे ठेवायचे ना परत! ही दाढ बघा कुठे आहे. यानाच्या बाहेर! बाहेर हवा नसते, आई. माणूस मरतो तिथे.”

“कोण मेलं?” सोफ्यावरून नवऱ्याने मोबाइलमधून डोकं न काढता विचारलं.

“तू,” ताई म्हणाली.

“बरं,” नवरा म्हणाला आणि अंगठ्याने पडदा वर सरकवला.

जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या त्या भल्या मोठ्या कागदावर एका अंतराळयानाचा नकाशा होता. यानाचं नाव बिनबोभाट. त्याच्या पोटात चाळीस हजार माणसं शीतपेट्यांत झोपलेली, आणि त्यांना एका नव्या ग्रहावर सुखरूप उतरवायची जबाबदारी जाग्या असलेल्या तिघांवर. कप्तान होती ताईची शाळेपासूनची मैत्रीण वकीलबाई, दिशादर्शक होता कोपऱ्यावरच्या वाचनालयातला ग्रंथपाल, आणि इंजिनिअर हा सोफ्यावरचा नवरा. ताई स्वतः सूत्रधार. ती गोष्ट सांगायची, वाटेत संकटं घालायची. आपल्या पात्राने त्यावर काय केलं ते हे तिघे सांगायचे, आणि जमलं की फसलं याचा निकाल दहा बाजूंचा फासा द्यायचा. दर रविवारी दुपारी चार ते सात. तीन वर्षं.

एरवी ताई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. तिला ताई हे नाव पडलं तेही लॅबमध्येच, आणि मग घरादाराने, मित्रमंडळींनी तेच उचललं. दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी यायची, सोबत पेशंटच्या हिरड्यांचा साचा. रंग डॉक्टरने ठरवलेला, माप पेशंटचं, घाई दोघांची. एखादा दात तिने जरासा तिरपा बसवला, खऱ्या माणसाला असतो तसा, की कवळी दोन दिवसांत परत. चिठ्ठीवर लाल अक्षरांत ‘सरळ करा’. वीस वर्षं ती सरळ करत आली होती. रंग जुळला नाही म्हणून बाद झालेले सुटे दात मात्र ती डबीत घालून घरी आणायची. तेच खेळात माणसं म्हणून लागत. कप्तान पुढचा दात, दिशादर्शक सुळा, इंजिनिअर दाढ.

खेळाचे नियम दोनच होते, आणि ते ग्रंथपालाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर तिघांच्या सह्यांनिशी लिहिलेले होते. पहिला, तिघंही टेबलाशी असल्याशिवाय यान हलायचं नाही. दुसरा, टेबलावर जे दिसतं ते घडलेलं. दुसरा नियम करावा लागला तो वकीलबाईमुळे. पहिल्याच महिन्यात इंजिनच्या खोलीत स्फोट झाला, तेव्हा “मी त्या खोलीत नव्हतेच मुळी” असा युक्तिवाद तिने पाऊण तास चालवला होता. दात समोर त्या खोलीत उभा असूनही.

पहिला नियम प्रेमाने केला होता. कोणाला वगळून पुढे जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण आता त्या नियमानेच यानाचा गळा धरला होता. अकरा आठवड्यांपूर्वी ग्रह समोर आला. उतरायच्या आधी तिसऱ्या दाराची बिघडलेली कडी दुरुस्त करायची, एवढंच उरलं होतं. आणि नेमकं त्याच रविवारी वकीलबाईला भाचीसाठी स्थळ बघायला जायचं होतं. पुढच्या रविवारी पाठ धरली. मग अशिलाची निकड. मग पुन्हा पाठ, पण दुसऱ्या बाजूची. कोर्टातली सवय अंगात मुरल्यासारखी ती दर शनिवारी पुढची तारीख मागायची, आणि ताई मुकाट्याने द्यायची. नकाशा हलवायचा नाही म्हणून घर मांडीवर ताटं घेऊन जेवत होतं. लेकीच्या शाळेच्या स्कर्टवर भाजीचे डाग पडले होते, ते धुऊनही निघाले नव्हते.

“आई, तुमचे चाळीस हजार लोक झोपलेत, त्यांना टेबल कशाला लागतं?” लेक एकदा म्हणाली होती. “आपण चौघं जागे आहोत.”

कपाटाच्या खणात, चादरींच्या खाली, ताईने एक बंद पाकीट ठेवलं होतं. त्या ग्रहावर काय आहे ते त्यात लिहिलेलं होतं. गोष्टीचा शेवट तिने सगळ्यांत आधी लिहिला होता, तीन वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी, लॅबच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर. त्यानंतरची सगळी वळणं त्या शेवटाकडे नेणारी. तिने आयुष्यात बनवलेली ही एकच गोष्ट अशी होती की जी सरळ करून द्या म्हणून कोणी परत पाठवली नव्हती. ती एकदा टेबलाशी बसून तोंडाने सांगायची, एवढंच तिला हवं होतं. आणि तेवढंच होत नव्हतं.

आणि आता ही दाढ बाहेर. तिला कसलासा चंदेरी कपटाही चिकटलेला. ताईचा हात कपटा काढायला पुढे गेला आणि थांबला. टेबलावर जे दिसतं ते घडलेलं. नियम सूत्रधारालाही होता.

रविवारी ग्रंथपाल पावणेचारला आला. तो कायमच पावणेचारला यायचा आणि दारातच चपला जुळवून ठेवायचा. त्याने रजिस्टर उघडलं, चष्मा पुसला आणि नकाशाकडे बघितलं.

“इंजिनिअर बाहेर कसा?”

“आईंनी टेबल पुसलं.”

“अरेरे.” त्याने पहिलं पान उलटून बघितलं, जणू तीन वर्षांत तिथला मजकूर बदलला असेल. “ताई, नियमात हात कोणाचा ते लिहिलेलं नाही. टेबलावर दिसतंय ते घडलेलं. वाईट वाटतं, पण तो गेला.”

“कोण गेला?” नवरा म्हणाला, आणि या वेळी मोबाइल उशीवर उपडा पडला. “मी? तीन वर्षं काढलीत मी त्या यानात!”

“गेले अडीच महिने सोफ्यावरच काढलेस,” ताई म्हणाली.

“ते वेगळं. ऐकत होतो मी.”

“तिसऱ्या दाराचं काय ठरलं होतं, सांग.”

नवरा टेबलाशी येऊन खुर्ची ओढून बसला. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा, न बोलावता. “दाराचं… ते रंगवायचं होतं ना?”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस टेबलाशी आला तो स्वतःच्या मरणाची तक्रार करायला. ती काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. वकीलबाईचा निरोप होता, बोलून पाठवलेला. ताईने मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

“ताई, राणी, रागावू नको हं. आज नाहीच जमत गं. पुढच्या रविवारी नक्की, अगदी शब्द. नाहीतर त्याच्या पुढच्या. आणि ऐक, मी नसताना उतरू नका! एवढी तीन वर्षं घालवली, शेवट मला बघायचाय.”

ग्रंथपालाने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“म्हणजे यान आज हलणार नाही,” तो म्हणाला.

“हललंय,” स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. सासूबाई पदराला हात पुसत आल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या आणि दाढेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “मेला नाही तो. पोशाख घातलाय त्याला. दिसत नाही?”

ग्रंथपाल वाकला. चष्मा कपाळावर चढवून त्याने नाक कागदाला टेकवलं. चिकटलेला कपटा नव्हताच. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद होता, नीट कातरून दाढेभोवती गुंडाळलेला, वर दोऱ्याने बांधलेला. दोऱ्याचं दुसरं टोक यानाच्या आत, कडीच्या खुणेवर, चिकटपट्टीने डकवलेलं होतं.

“तुम्ही मुद्दाम केलंत?” ताई म्हणाली.

“मग काय. तिसऱ्या दाराची कडी आतून बसत नाही, बाहेरून बसवावी लागते. मागच्या वर्षी ते दगडांचं वादळ आलं तेव्हा तूच म्हणालीस. हा करतो म्हणाला, विसरला. घरातला नळ विसरतो तसाच.” त्यांनी मुलाकडे बघितलंही नाही. “म्हटलं, पाठवू या दुरुस्तीला. दोरी बांधून पाठवलाय, पडायचा नाही.”

“मग काल, नुसतं पुसलंय असं म्हणत का भांडलात माझ्याशी?”

“पुसलंही. टेबल घाणच होतं.”

“आजी,” लेक आतल्या खोलीतून ओरडली, “तुला सगळं पाठ आहे?”

“तीन वर्षं दर रविवारी चहा कोण करतं? कान काय कपाटात ठेवून करतं?”

ताईला हसू यायला हवं होतं. आलं नाही. अकरा आठवडे जिच्याशी टेबलावरून तोंडाला तोंड देत होती, ती एकटी ऐकत होती; आणि ज्यांच्यासाठी थांबली होती त्यांना दार रंगवायचं आहे असं वाटत होतं. सासूबाईंना एका शब्दाने बोलता आलं असतं. पण त्या तरी कशा बोलणार? ताईने कधी त्यांना विचारलं होतं? बसा म्हटलं होतं?

“नियमात बसतं का हे?” नवऱ्याने आशेने ग्रंथपालाला विचारलं.

“दुसऱ्या नियमात बसतं,” ग्रंथपाल सावकाश म्हणाला. “टेबलावर दिसतंय. कडी बसली. पहिल्यात बसत नाही. आणि वकीलबाई वाद घालतील.”

“घालू दे,” ताई म्हणाली. तिने रजिस्टर स्वतःकडे ओढलं, ग्रंथपालाच्या हातातलं पेन घेतलं आणि पहिल्या नियमावर एक आडवी रेघ मारली. ग्रंथपालाच्या तोंडून हलकासा आवाज निघाला, कोणीतरी वाचनालयाच्या पुस्तकाचं पान दुमडावं तसा. तिने खाली सही केली. मग पेन सासूबाईंपुढे धरलं.

“मी कशाला?” सासूबाई म्हणाल्या.

“करा.”

त्यांनी केली. पेन्शनच्या कागदावर करतात तशी, पूर्ण नावाची, जपून.

ताईने रजिस्टर मिटलं. नवऱ्याकडे, ग्रंथपालाकडे, आतून दाराशी आलेल्या लेकीकडे तिने एकदा बघून घेतलं. आवाज चढवला नाही. लॅबमध्ये उद्याचं काम वाटून देताना बोलायची तशी ती बोलली.

“पुढच्या रविवारी चार वाजता बिनबोभाट उतरणार. कप्तान आली तर ती उतरवेल. नाही आली तर आई उतरवतील. मोबाइल बाहेरच्या खोलीत राहतील. चहा मी करणार नाही, आई करणार नाहीत. तुमच्यातलं कोण करतंय ते शनिवारपर्यंत सांगा. आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, सोमवारपासून, या टेबलावर जेवायचं.”

“आणि वकीलबाईंना कोण कळवणार?” नवऱ्याने विचारलं.

“तू,” ताई म्हणाली आणि दाढेला हात न लावता आत गेली.