कंठमणी खोटं बोलत नाही

परवा सोमवारी शाळेत मी एका नऊ वर्षांच्या मुलीला फसवायला गेले... आणि तिथल्या तिथे पकडले गेले. हेडमिस्ट्रेसने हे चारचौघांत सांगू नये, पण सांगते.

मुलगी राजम्मा. जन्मापासून बहिरी. आई नरसूबाई घरच्या मागावर लुगडी विणते. मुलीला शाळेत घ्या म्हणून दोनदा आली, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. ऐकू येत नाही तिला शिकवायचं कसं?

तिसऱ्या वेळी ती एका मास्तरांना घेऊनच आली. हे गृहस्थ परगावाहून सोलापुरात आलेले. म्हणे, बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवतात... गळ्याला हात लावून!

मला लगेच संशय आला. मागे असाच एकजण स्मरणशक्तीचं तेल विकून गेला होता. आमच्या क्लार्कनी दोन बाटल्या घेतल्या, आणि कुठे ठेवल्या ते अजून त्यांना आठवत नाही.

मास्तर म्हणाले, "प आणि ब म्हणताना ओठ सारखेच मिटतात. पण ब म्हणताना ओठ उघडायच्या आधीच कंठमणी थरथरतो, किंचित खालीही उतरतो. हिच्या बोटांना ते कळतं."

"नऊ वर्षांच्या मुलीच्या बोटांना?"

नरसूबाई मध्येच बोलली, "बाई, मागावर सुताची तार तुटली की माझ्या आदी हिच्या बोटाला कळतंय. कान न्हाईत, पर पोरगी लई हुशार हाय की."

ठीक आहे, म्हटलं. टेस्ट घेऊ. जमलं तर नाव घालते. नाही जमलं तर पुन्हा यायचं नाही.

मास्तर खुणा करतील म्हणून त्यांना व्हरांड्यात उभं केलं. माझे ओठ दिसू नयेत म्हणून मी खुर्चीत बसले आणि मुलीला पाठीमागे उभं केलं. शेजारी, तिच्या हाताशी येईल अशा टेबलावर प साठी चिंचोका, ब साठी खडू... मास्तरांनी तेवढं तिला आधीच समजावलं होतं.

तिने मागून हात घालून माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. मला विधवेला गळ्याशी कोणी हात लावून कितीतरी वर्षं झाली होती. जरा दचकलेच.

"ब," मी म्हटलं. तिने खडू उचलला. "प." चिंचोका. पुन्हा "प." पुन्हा चिंचोका... सात वेळा विचारलं, सातही बरोबर.

तरी माझं मन मानेना. अंदाजाने उचलत असेल! म्हणून आठव्या वेळी मी काही बोललेच नाही. नुसता आवंढा गिळला. कंठमणी वर जाऊन खाली आला.

तिचा हात टेबलाकडे गेलाच नाही. ती फिरून माझ्यासमोर आली, डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या मुलींकडे मी बघते ना, अगदी तसं! मग माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"ब."

घोगरा, जाडाभरडा आवाज. पण माझ्या बोटांखाली आधी थरथर झाली... आणि मग ओठ उघडले.

"अगं, बाईंस्नीबी धरलंस की गं!" नरसूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता रडायलाही.

रजिस्टरात नाव घातलं. मास्तरांना आत बोलावून माफी मागितली. तेलवाल्याची मात्र मागणार नाही.

इतकी वर्षं मुलींना 'उच्चार नीट करा' म्हणून दटावत आले. उच्चार करताना माझा स्वतःचा गळा काय करतो, ते मला राजम्माने दाखवलं... कान नसलेल्या मुलीने. कालपासून वर्गात तिला पहिल्या बाकावर बसवलं आहे, माझा गळा हाताशी येईल इतक्या जवळ.